औशाचा तट आणि मुलांचे लाकडी मनोरे

लातूरहून तुळजापूर-सोलापूरच्या दिशेने निघाले की वीसेक किलोमीटरवर औसा लागते. किल्ल्याचे गाव म्हणून आलेला नवखा माणूस आधी टेकडी शोधतो, आणि टेकडी काही सापडत नाही. औशाचा किल्ला भुईकोट आहे, तोही सखल जागी बांधलेला. त्यामुळे दुरून तो डोळ्यांत भरत नाही. अगदी जवळ गेल्यावर खंदक दिसतो, मग बाहेरचा तट, त्याच्या आत दुसरा तट आणि जागोजागी गोल बुरूज. शत्रूला शेवटपर्यंत नजरेस न पडणारा किल्ला, असे त्याचे वर्णन केले तर चुकीचे होणार नाही.

हे ठाणे बहमनी काळापासूनचे. पुढे निजामशाहीच्या अखेरच्या काळात मलिक अंबरचा येथे अंमल होता. १६३६ मध्ये शाहजहानच्या फौजांनी उदगीर आणि औसा हे दोन्ही किल्ले घेतले. नंतर हा मुलूख हैदराबादच्या निजामाकडे गेला. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले आणि १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा औसा लातूरकडे आले. राज्ये बदलली, जिल्हे बदलले, तट मात्र आपल्या जागी आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोन कुटुंबे मिळून औशाला खालाकडे गेलो होतो. मोठी माणसे चार, मुले पाच. सगळ्यांत धाकटे दीड वर्षाचे, सगळ्यांत मोठी नववीत. किल्ला पाहणे हा बेत होताच. पण सहल संपताना आमच्या बोलण्यात किल्ल्यापेक्षा एक वेगळीच गोष्ट जास्त होती, ती म्हणजे मुलांचे ठोकळे. एकावर एक रचायचे, तोल सांभाळायचा आणि पडले की पुन्हा रचायचे, हा घरोघरचा साधा खेळ. औशाच्या मातीत त्याला काय अर्थ आहे, हे त्या दोन दिवसांत आम्हाला दिसले. तेच येथे मांडत आहोत.

खंदकाच्या बाहेर मोकळ्या जागेत मोहल्ल्यातली पोरे लगोरी खेळत होती. कुणी तिला लिंगोरचा म्हणते, कुणी सात पत्थर. सात चपटे दगड एकावर एक, एका गटाने चेंडू मारून ते पाडायचे आणि अंगावर चेंडू बसायच्या आत पुन्हा रचायचे. आमची मुले लगेच त्यांच्यात मिसळली. शहरातल्या मुलांचा नेम बरा होता, पण रचताना त्यांची फजिती होत होती. हाताला येईल तो दगड ती घाईने वर ठेवत, आणि चौथ्या-पाचव्या दगडाला लगोरी कलंडे. औशाची पोरे मात्र धावता धावता एका नजरेत मोठा दगड हेरत, तो खाली टाकत आणि मग क्रमाने लहान दगड चढवत. पायथा रुंद, माथा हलका. हे त्यांना कुणी फळ्यावर शिकवले नव्हते.

तटाजवळ उभे राहून पाहिले तर बांधणाऱ्यांनीही तेच केलेले दिसते. मोठे वजनदार चिरे खाली, आणि प्रत्येक थराचा सांधा वरच्या थराने झाकलेला. खालच्या दोन दगडांमधली फट जिथे येते, तिथे वर अखंड दगड. सांध्यावर सांधा आला की भिंत त्या रेघेत उभी फुटते, हे जुन्या गवंड्यांना पक्के माहीत होते. आमच्या नववीतल्या मुलीने भिंतीवर बोट फिरवत फटा मोजल्या आणि म्हणाली, "अब्बा, एकही फट सरळ वर जात नाही." किल्ला पाहायला मुलांना घेऊन जाल तेव्हा तोफा दाखवाच, पण ही फटांची गंमतही दाखवा.

खालाचे घर जुन्या वस्तीत आहे. मराठवाड्यात अजून दिसते तसे माळवदाचे घर: जाड दगडी भिंती, आत सागवानी खांब, खांबांवर तुळया आणि वर मातीचे जाड धाबे. उन्हाळ्यात असे घर थंड राहते. दुपारच्या जेवणानंतर खालाने दाखवले की ओसरीकडची भिंत नवी आहे, विटांची. जुनी भिंत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पडली.

त्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेला भूकंप लोक किल्लारीचा भूकंप म्हणून ओळखतात. किल्लारी औसा तालुक्यातच येते. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. आदल्या दिवशी गणेश विसर्जन होते; दमून झोपलेली गावे उठलीच नाहीत. धक्का ६.२ च्या आसपासचा होता. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि इतकी माणसे जात नाहीत. येथे जीव घेतला तो घरांच्या भिंतींनी आणि डोक्यावरच्या मातीने.

खाला सांगत होत्या, "भिंत पडली, पण छत खांबांवर तसेच राहिले. त्या खांबांनीच आम्हाला वाचवले." नंतर आलेल्या अभियंत्यांनीही पुष्कळ ठिकाणी हेच पाहिले. जिथे छताचा भार लाकडी खांबांवर होता, तिथे भिंती ढासळूनही छत काही प्रमाणात तगले. जिथे मातीचे जड छत सरळ दगडी भिंतींवर टेकलेले होते, तिथे भिंतीबरोबर सगळेच खाली आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही किल्लारीला गेलो. जुन्या गावाची जागा आणि नवे पुनर्वसित गाव, दोन्ही पाहिले. पन्नासहून अधिक गावे अशीच नव्या जागी वसवली गेली. मुले गाडीत खूप बोलतात. तिथून परतताना ती गप्प होती. मग धाकट्या भाच्याने विचारले, "किल्ल्याची भिंत पण दगडाची, घराची भिंत पण दगडाची. मग घरेच का पडली?"

या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्याच संध्याकाळी खालाच्या ओसरीवर, लाकडाच्या तुकड्यांनी दिले.

खालाच्या नातवाकडे पोतेभर लाकडी ठोकळे आहेत. दुकानातले नव्हेत. गल्लीच्या टोकाला सुताराचे काम चालते, तिथली सागवानाची उरलेली तुकडी एकाच मापात कापून, घासून घेतलेली. लांबी १५ सेंटिमीटर, रुंदी ५, जाडी ३. रुंदीच्या बरोबर तिप्पट लांबी असल्यामुळे तीन तुकडे शेजारी ठेवले की चौकोन होतो. मगरिबनंतर मुलांनी दोन मनोरे रचले. पहिल्यात सगळे तुकडे एकाच दिशेने ठेवले, तुकड्यावर तुकडा, सांध्यावर सांधा. दिसायला तो एक मनोरा, पण खरे म्हणजे तीन बारीक भिंती एकमेकींना खेटून उभ्या. दुसऱ्यात प्रत्येक थर आडवा-उभा बदलत नेला. दोन्ही मनोरे सारख्याच उंचीचे, सारख्याच तुकड्यांचे. दोन्ही एका मोठ्या ताटात ठेवले आणि ताट हळूहळू हलवले. पहिला मनोरा मधून उकलला, तीन भिंती तीन दिशांना गेल्या. दुसरा डोलला, पण उभा राहिला.

किल्लारीच्या घरांचे हेच झाले होते. तिथली भिंत दोन-अडीच फूट, कधी त्याहूनही जाड असे. पण ती एकसंध नसे. बाहेरून दगडांचा एक पदर, आतून दुसरा, आणि मध्ये माती व दगडांचे बारीक तुकडे. दोन्ही पदरांना शिवणारा आरपार लांब दगड क्वचितच घातलेला. धक्का बसताच दोन पदर वेगळे झाले, भिंत पोट सुटल्यासारखी फुगली आणि फुटली. आज दगडी बांधकामासाठी भारतीय मानक सांगते की दर दोन फूट उंचीवर आणि आडव्या अंतरात चार फुटांच्या आत भिंतीच्या आरपार जाणारा दगड हवा. शिवाय जोत्याला, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छताखाली घराभोवती सलग फिरणारा पट्टा हवा. भूकंपाआधी हा भाग देशाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरला जात होता. २००२ च्या सुधारित मानकात तो तिसऱ्या पट्ट्यात आला. म्हणजे औशात आणि आसपास आज घर बांधणाऱ्याने हे विचारायलाच हवे.

भाच्याला उत्तर मिळाले. आम्हा मोठ्यांनाही मिळाले. जाडी म्हणजे मजबुती नव्हे. एकमेकांना धरून ठेवणे म्हणजे मजबुती.

आता या खेळाकडे जरा नीट पाहू. ठोकळे रचणे मूल कुणी सांगून सुरू करत नाही. साधारण सव्वा वर्षाचे मूल दोन ठोकळे एकावर एक ठेवते, दीड वर्षाचे तीन-चार, दोन वर्षांचे सहा-सात आणि तीन वर्षांचे नऊ-दहा. तिसऱ्या वर्षीच ते दोन ठोकळ्यांवर तिसरा आडवा ठेवून पूल करू लागते. बालरोगतज्ज्ञ मुलाची वाढ पाहताना ठोकळे पुढे ठेवतात ते याचसाठी. हाताची पकड, डोळ्याचा अंदाज आणि सोडण्याची नजाकत तिथे एकदम दिसते. ठोकळा उचलणे सोपे. तो न हलवता सोडणे अवघड. थोडे मागे-पुढे होणे स्वाभाविक आहे, त्याची चिंता करू नये. फार फरक वाटला तर डॉक्टरांना दाखवावे.

शिक्षणातही या खेळाला मान आहे. जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये लहान मुलांसाठी संस्था सुरू केली, तिचेच पुढे बालवाडीत रूपांतर झाले. त्यांनी मुलांसाठी खेळण्यांचे संच तयार केले. त्यांतल्या एका संचात दोन इंचांचा घन एक-एक इंचाच्या आठ घनांत विभागलेला असे. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत दहा गुलाबी घनांचा मनोरा असतो. सर्वांत मोठा घन १० सेंटिमीटरचा, सर्वांत लहान १ सेंटिमीटरचा. क्रम चुकला तर कुणी रागावायची गरज नाही, मनोराच सांगतो.

ही महागडी साधने आपल्या खेड्यांत कशी पोचणार, हा प्रश्न महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी हाती घेतला. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. त्यांनी विकतच्या साधनांऐवजी परिसरातले दगड, बिया, शंख-शिंपले मुलांच्या हाती दिले. औशाच्या मैदानातली लगोरी त्याच जातीची. ज्यांच्या घरी खेळण्यांवर खर्च करण्याची ऐपत नाही, त्यांनी मन छोटे करण्याचे कारण नाही.

दुकानात जेंगा नावाने मिळणारा खेळ पुष्कळांनी पाहिला असेल. ५४ तुकडे, दर थरात तीन, असे १८ थर. एकेक तुकडा खालून काढून वर ठेवायचा, ज्याच्या हातून मनोरा पडेल तो हरला. हा खेळ लेस्ली स्कॉट या बाईंनी आफ्रिकेत आपल्या घरी खेळल्या जाणाऱ्या खेळावरून तयार केला आणि १९८३ मध्ये लंडनच्या खेळणी-प्रदर्शनात आणला. जेंगा हा शब्द स्वाहिली भाषेतला, अर्थ "बांध". नाव पाडण्यावरून नव्हे, बांधण्यावरून आहे, हे आमच्या मुलांना फार आवडले.

मोठ्या मुलांसाठी एक गंमत सांगतो. टेबलाच्या कडेवर असेच १५ सेंटिमीटर लांबीचे पाच तुकडे एकावर एक, टोकाशी टोक जुळवून ठेवा. सगळ्यांत वरचा तुकडा खालच्याच्या पुढे जवळजवळ अर्धा सरकवा. मग ते दोन्ही मिळून तिसऱ्याच्या पुढे पाव लांबीइतके, तिन्ही मिळून चौथ्याच्या पुढे एक-सहांश, चारही मिळून पाचव्याच्या पुढे एक-अष्टमांश आणि शेवटी पाचही टेबलाच्या कडेपुढे एक-दशांश. प्रत्येक वेळी मापापेक्षा किंचित कमीच सरकवा. जमले की सर्वांत वरचा तुकडा पूर्ण टेबलाबाहेर असतो, त्याच्याखाली टेबल नाही आणि तरी तो पडत नाही. मधला भार कुठे आहे हे पाहिले की हे कोडे सुटते. आमच्या मुलीला पहिल्या दहा प्रयत्नांत जमले नाही, अकराव्यात जमले. त्या वेळी ओसरीवर जी आरोळी उठली ती ऐकून शेजारचे डोकावले.

घरी असे ठोकळे करायचे असतील तर काही गोष्टी पाळाव्यात. लाकूड सागवान किंवा कडुनिंबासारखे घट्ट, वाळलेले घ्यावे. प्लायवूडचे तुकडे नकोत, कडा सुटतात आणि कुसळे निघतात. जुन्या खोक्यांचे किंवा रंग लावलेले लाकूडही नको, त्यावर काय मारले आहे हे कळत नाही. कडा आणि कोपरे काचपेपरने गोल होईपर्यंत घासावेत. आपल्या गालावर फिरवून पाहावे, टोचले तर अजून घासावे. वरून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा आणि तो पूर्ण वाळेपर्यंत सावलीत ठेवावे. तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, पसरून वाळवावे. तीन वर्षांखालच्या मुलासाठी तुकडा इतका मोठा असावा की तो तोंडात जाणारच नाही. दीड वर्षाच्या बाळाला जड तुकडे देऊ नयेत, पायावर पडतात.

विकत घ्यायचे झाल्यास आयएसआय चिन्ह पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. कर्नाटकातील चन्नपट्टणची लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. ती हलक्या पांढऱ्या लाकडाची, लाखेच्या रंगात फिरवून रंगवलेली असतात. टिपू सुलतानच्या काळात इराणी कारागिरांकडून ही कला तिथे रुजली असे सांगतात, आणि तिथल्या कारागिरांत मुस्लिम घराणी पुष्कळ आहेत. आपल्या सावंतवाडीतही लाकडी खेळण्यांची जुनी परंपरा आहे. ईदीच्या पैशांतून मुलांसाठी काही घ्यायचे असेल तर प्लास्टिकच्या बंदुकीऐवजी हे घेता येईल. मूल त्याच्याशी वर्षानुवर्षे खेळते आणि कारागिराच्या घरी चूल पेटते.

शेवटची गोष्ट मोठ्यांसाठी. मूल मनोरा रचत असताना आपला हात शिवशिवतो. वाकडा ठोकळा दिसला की आपण सरळ करतो. खालाने आमच्यातल्या एकीचा हात असाच धरला आणि म्हणाल्या, "रहने दे, गिरेगा तो खुद समझेगा." त्यांचा नातू तेव्हा सहावा ठोकळा ठेवत होता. मनोरा पडला, तो रडला नाही, मोठा ठोकळा शोधून त्याने खाली ठेवला. पडू देणे हाही शिकवण्याचाच भाग आहे. अंगणात पडलेल्या लाकडाने काही बिघडत नाही. पायथा अरुंद ठेवला, माथा जड केला, मध्ये बांधणी दिली नाही तर काय होते, हे मुलाला तिथेच कळू द्यावे.

कारण ही मुले उद्या घरे बांधणार आहेत. गवंडी होतील, अभियंता होतील, किंवा गवंड्याला पैसे देणारे घरमालक होतील. जुन्या माळवदावर आणखी एक मजला चढवायचा की नाही, हे त्यांनाच ठरवायचे आहे. पट्ट्याचा खर्च वाचवू असे कुणी म्हणेल तेव्हा नाही म्हणायचे काम त्यांचेच. ज्या तालुक्याने एका पहाटे इतकी किंमत मोजली, तिथल्या मुलांना हे शब्दांत सांगण्याआधी हातांना माहीत असले पाहिजे. औशाला जाल तेव्हा किल्ला जरूर पाहा, एखादी संध्याकाळ कुणाच्या तरी ओसरीवर बसा, आणि घरातल्या घराचा पट्टा कुठे आहे हे यजमानांना विचारा. नसेल तर ते घर पक्के कसे करता येईल, हे जाणकार अभियंत्याला विचारायला त्यांना सांगा. जुन्या भिंतीतही आरपार दगड किंवा सळ्या बसवून ती सांधता येते. भूकंपानंतर या भागात तशी कामे झाली आहेत. अल्लाह सगळ्यांची घरे सलामत ठेवो. पाया रुंद आणि बांधणी पक्की ठेवणे मात्र आपल्या हाती आहे.